वहिनींची वीज

ती. वहिनींना धाकट्या दिराचा सादर नमस्कार.

माहेरी सुखरूप पोचलात हे कळलं. तुमच्या आईंचे गुडघे आता कसे आहेत? इथे सगळे बरे आहेत. दादा फक्त 'मी बरा आहे' असं म्हणतो.

तुम्ही रागावून का गेलात ते मी उगाळत बसत नाही. (दादा म्हणाला होता, "विजेचं काय एवढं, बटण तर दाबायचं." हे उगाळणं नव्हे, नुसती आठवण.) तुम्ही गेलात आणि आपल्या नाटकातल्या वादळाच्या प्रवेशाला दिव्यांपाशी तुमच्या जागी दादा स्वतः बसला. त्या प्रवेशात मी फितूर प्रधान, आणि अंगावर वीज पडून मरणं एवढं एकच काम मला मनापासून जमतं हे तुम्ही जाणताच. पहिल्या तालमीला मी हात वर करून उभा राहिलो, दादाने उजेड कमी-जास्त करायची दांडी सावकाश वर सरकवली आणि रंगमंचावर उजाडलं. वीज पडलीच नाही, सकाळ झाली. मला हप्त्याहप्त्याने मरावं लागलं. मग त्याने सगळ्यात मोठा दिवा थेट बटणावर घेतला. त्याला पेटायला वेळ आणि विझायला त्याहून जास्त. आतली तार लाल होऊन निवांत निवत बसायची आणि त्या उजेडात मेलेला प्रधान नाक खाजवताना सगळ्यांना दिसायचा. (धूळ फार आहे हो तिथे.) पुढच्या खेपेला त्याने ठेका धरला, चालू-बंद, चालू-बंद. राणीचं काम करणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे दुकानाच्या पाटीसारखं दिसतंय." दादा मान खाली घालून बटणं पुसत बसला. तो ओरडतो तेव्हा बरं असतं.

आई समोरच्या खुर्चीत विणत बसली होती. तिने सुया बाजूला ठेवल्या.

"सूनबाई असं नाही करत. ती आधी सगळा उजेड हळूच उतरवते, कुणाला कळतसुद्धा नाही. मोठा दिवा घेतच नाही, लहान लहान पुष्कळ घेते. आणि ते आधीपासून जेमतेम तापवून ठेवते, म्हणजे बोट लावायचा अवकाश."

"तुला कसं माहीत?" दादाने विचारलं.

"मी तिला विचारलं होतं. तू विचारलंस कधी?"

प्रयोगाला आईच बसली. तिची उमेदीची वर्षं तारखात्यात लांब-तोकडे ठोके देण्यात गेलेली, त्यामुळे बोटांना एकसारखं चालणं ठाऊकच नाही. एक लांब लखलखाट, दोन तोकडे, मध्ये श्वास अडकेल असा काळोख, आणि सावरतोय तोच बाजूने निळसर झटका. मागच्या पडद्यावर माझी सावली घराएवढी झाली. वहिनी, मी अभिनय केला नाही. मी पडलो. गडगडाट तुमच्या शिस्तीप्रमाणे जरा उशिराच आला, आणि पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी शेजारच्या अनोळखी बाईंचा हात धरला. राजाच्या वेषातला दादा विंगेत मान वर करून दिव्यांकडे बघत उभा. पुढचा प्रवेश त्याचा होता, राणीने बाही ओढून त्याला आत आणलं. नंतर मिशी काढताना तो म्हणाला, "हे ती दर प्रयोगाला करायची आणि माझी नेमकी तिकडे पाठ असायची."

वडीलधाऱ्यांना माझा नमस्कार सांगा.

तुमचा, हल्ली विजेला खरोखर भिणारा,
दीर

ता. क. : आता खरं काम. आई दिव्यांपुढून उठायला तयार नाही. घरी स्वयंपाक दादा करतो, त्यावरून काय ते समजा. तिला उठवणं तुम्हालाच जमेल. तिचा निरोप मात्र असा : "सूनबाईला खुशाल येऊ दे. गडगडाटाचा पत्रा तिने हलवायचा. वीज माझी."

पुन्हा ता. क. : या पत्राबद्दल दादाला काही ठाऊक नाही, असं लिहिणार होतो. पण पाकिटावरचा पत्ता पाहा. ते अक्षर माझं नाही.