मोठ्याने विचार

४ जानेवारी
काल सकाळी पूजा आटोपली, निरांजन शांत होईपर्यंत बसलो आणि उठायच्या आधी तिथेच मांडीवर लॅपटॉप घेऊन अर्ज पाठवून टाकला. प्रोग्रामरची नोकरी, घरी बसून करायची. वय विचारलं नव्हतं. अनुभव विचारला होता, तो भरपूर लिहिता आला.
सौ.ला संध्याकाळी सांगितलं. वाल सोलत होती. "देवासमोर बसून पाठवलात? म्हणजे पहिला त्यानेच वाचला असेल." एवढंच.

६ जानेवारी
कंपनीत साहेबांनी पुन्हा बोलावलं. कारखाना बोईसरलाच राहणार, पण कॉम्प्युटरचं सगळं काम मार्चपासून बडोद्याच्या ऑफिसात. पिंपांची लेबलं, माल किती आला, किती गेला, हा सगळा प्रोग्राम माझ्याच हातचा. म्हणून मीही तिकडे.
"काय, तयारी ना?"
म्हणालो, बघतो. मान हलवली. ती कशी हलली कोण जाणे, साहेब खूष झाले.
चिंचणी सोडून जायचं हे मनात बसतच नाही. अण्णा, म्हणजे वडील, या वयात कुठे येणार? आणि सौ.ची वाडी. या वर्षी चिकू बरा आहे.

१० जानेवारी
अर्जाला उत्तर. आधी एक छोटी परीक्षा, लॅपटॉपवरच्या कॉलवर. उद्याच.

११ जानेवारी
परीक्षा झाली. काय झालं ते नीट लिहून ठेवतो.
एक मुलगी होती, आवाजावरून तन्वीएवढी, म्हणजे आमच्या लेकीएवढी. लांबलचक ओळीतले कंस एकमेकांशी जुळतात का ते ओळखणारा प्रोग्राम लिहायचा. सोपा. मी नेहमीसारखा डोळे मिटून बसलो. पूर्ण आकार मनात आल्याशिवाय मी एक अक्षर लिहीत नाही. मध्ये ती काहीतरी म्हणाली, मी हात वर करून थांब म्हटलं. मग सगळा एका दमात लिहिला. पहिल्या फटक्यात चालला.
ती म्हणाली, "सर, मला वाटलं लाइन गेली."
कॅमेरा बंदच होता. माझा हात कोणाला दिसला असेल तर फक्त आमच्या मांजराला.
मुलगी भली होती. म्हणाली, उत्तर बरोबर आहे, पण आमची माणसं घरोघरी बसलेली असतात, डोक्यात काय चाललंय ते बोलल्याशिवाय कळत नाही. खरी मुलाखत महिनाअखेरीस. तेव्हा मोठ्याने विचार करा, सर.
मोठ्याने विचार. आमच्या घरात हे कधी झालेलं नाही. अण्णा जन्मभर डायमेकर. पोलादाच्या ठोकळ्यात उलटं फूल कोरायचं, त्यावर सोन्याचा पत्रा ठोकला की सुलटं उठतं. शाळेतून आलो की त्यांच्याजवळ बसायचो. तोंड उघडलं की दटावायचे, बोललास का छिन्नी घसरते. मी पोलाद सोडून कॉम्प्युटर धरला, पण तोंड तसंच राहिलं.

१३ जानेवारी
सौ.समोर सराव. गेटवर ट्रक येतात-जातात, एका वेळी जास्तीत जास्त किती उभे असतील, हे गणित. घसा खाकरून सुरुवात केली, पुढे शब्दच नाही.
"बोला की. लग्नात नाव घेताना पण असेच अडला होतात."
मग ट्रकऐवजी तिच्याच हळदीकुंकवाच्या बायका घेतल्या. कोण कधी आली, कोण कधी गेली, एका वेळी घरात किती. तेव्हा जमलं. ती ऐकत राहिली, मध्येच म्हणाली, "पाटलांची वहिनी बसली की उठतच नाय, ती धरली का?" धरली म्हटलं.
अण्णा ओट्यावरून, "कोण आलंय गं?"
"कोणी नाय, तुमचा मुलगा बोलतोय."
"कोणाशी?"

१६ जाने.
कंपनीत जेवणाच्या सुट्टीत मागच्या बदामाच्या झाडाखाली सराव. इंग्रजी अडलं की हिंदी, हिंदी अडलं की मराठी. वॉचमन लांबून बघत होता. जवळ येऊन हळूच, "साब, घर में सब ठीक है ना?"

१८ जाने.
अण्णा चिडले. "हाताला काम हाय तर तोंड कशाला चालवतो? यानं नोकरी लागते होय? आमाला कुणी विचारलं नाय तुमच्या मनात काय चाललंय."
मी म्हटलं, "मी विचारतो. डाय कोरताना काय चालायचं मनात?"
"काय नाय." आणि तोंड फिरवून बसले.

१९ जाने.
रविवार. सौ.ने भाज्यांची उकडहंडी केली. जेवून पडलो होतो. ओट्यावर अण्णांचा आवाज. आधी वाटलं कोणाशी तरी बोलतायत. बाहेर गेलो तर एकटेच. डोळ्यांना आता दिसत नाही फारसं, पण मांडीवर जुना ठोकळा होता आणि उजवा हात हवेत.
"ये. बस. हे पान धर. पयली मधली शीर. ती सरळ नाय घ्यायची, सरळ घेतली का पान मेलेलं दिसतं. जरा झुकव. आता डावीकडच्या शिरा. उजव्या आधी घेतल्यास का हात आडवा येतो. इथं थांब. पोलाद काय म्हणतं बघ. कडक लागतं ना? मग जोर नाय, फुंकर. भुसा काढ. परत..."
पूर्ण पान झालं. मग फूल. मग म्हणाले, हे नुसतं कानातलं, बांगडीची डाय सांगायला दिवस जाईल.
सौ. दारात उभी, हात ओले. अण्णांच्या तोंडून एवढं मी कधी ऐकलं नव्हतं. म्हणजे सगळं आत चालूच होतं. बाहेर यायला कोणी विचारायची वाट बघत होतं, बहुतेक.

२२ जाने.
आज पूजेच्या वेळी देवालाही मोठ्याने सांगितलं. काही मागितलं नाही. कुठे अडलंय, कशाची भीती वाटते, बडोदा, अण्णा, सगळं क्रमाने सांगितलं.
स्वयंपाकघरातून सौ., "मला म्हणताय का?"
"नाही."
"मग चालू द्या."
दिवसभर हलकं वाटत होतं.

२४ जाने.
साहेबांनी बडोद्याला माझ्यासाठी खोली बघून ठेवली. मोबाइलवर फोटो दाखवले. खिडकीतून लिंबाचं झाड दिसतं. चांगला माणूस, मनापासून करतोय. माझ्या "बघतो"ला त्यांनी हो धरलंय. धरणारच. मी समोर बसून फोटो बघितले आणि छान आहे म्हणालो.
छान आहेच. पण

२५ जाने.
कालचं वाक्य पुरं करायचं राहिलं. सौ.ने विचारलं, "मुलाखतीत नाय जमलं तर जाणार का बडोद्याला?"
मला वाटत होतं, मुलाखतीवर ठरेल. तिथे हो आलं तर इथे नाही सांगू. तिने विचारल्यावर तोंडातून निघालं, "नाही जाणार." आणि मग पुढे, तिच्यासमोरच, मोठ्याने, एकेक. काय होईल, शिलकीवर किती दिवस निघतील, तारापूरच्या दुसऱ्या कारखान्यांतून लेबलांची कामं मिळतील का, वाडीत किती होईल. कुठे चुकतोय ते बोलताना कळत होतं. शेवटी उत्तर तेच.
"मग साहेबांना सांगा ना."
"मुलाखत होऊ दे."
"आधी सांगा म्हणत नाही मी. पण ती झाल्यावर त्या मुलाखतवाल्यांच्या उत्तराची वाट बघत बसू नका. दोन गोष्टी वेगळ्या आहेत."
आहेत.

२८ जाने.
मुलाखत झाली. सकाळी. कॅमेरा चालू ठेवला. देवघराशेजारच्या खोलीत, पाठीमागे पांढरी भिंत.
समोर हैदराबादचा एक जण, चाळिशीच्या आतला. बरीच कामं, एक झाल्याशिवाय दुसरं करता येत नाही, तर कुठल्या क्रमाने करायची. मी बोलायला लागलो. इंग्रजी मोडकं, पण थांबलो नाही. निम्म्यात लक्षात आलं की उलट्या टोकाने धरलंय. पूर्वी गप्प बसून पुसलं असतं. आज म्हटलं, हा रस्ता चुकला, का चुकला ते सांगतो. सांगितलं. मागे येऊन पुन्हा धरलं.
आणि नेमकी तेव्हाच दांडी गावची मासेवाली मावशी टोपली घेऊन दारात. "बोंबील हाय, मांदेली हाय, ताजी हाय गो!" ओट्यावरून अण्णा तिच्या दुप्पट आवाजात, "ए गप! पोराची परीक्षा हाय आत! आवाज करू नको, सांगून ठेवतो!"
"मंग तुमीच वरडताय ना बाबा!"
हैदराबादवाल्याने विचारलं, काय झालं? मी म्हटलं, माझे वडील शांतता राखतायत. तो पोट धरून हसला. मग आम्ही काम पुरं केलं. एका ठिकाणी मला अडलं, त्यानेही सुचवलं, दोघांनी मिळून सोडवलं. मजा आली. परीक्षेत मजा येते हे या वयात कळलं.
शेवटी म्हणाला, कळवू. आणखी माणसं आहेत यादीत.
मावशीकडून मांदेली घेतली.

३० जाने.
कळवलेलं नाही. मेल चार वेळा उघडून बघितला, मग लॅपटॉपच बंद केला.

३१ जानेवारी
अजून काही आलेलं नाही.
सकाळी पूजेनंतर आज देवाला वेगळं काही सांगितलं नाही. चिंचणीहून बसने बोईसर. दुपारी साहेबांच्या केबिनमध्ये गेलो. ते बडोद्याच्याच माणसाशी फोनवर बोलत होते, मला हाताने बसा म्हणाले. बसलो नाही. बसलो असतो तर पुन्हा मान हलली असती.
फोन ठेवल्यावर म्हणालो, "साहेब, मी बडोद्याला येणार नाही."
"दुसरीकडे लागलं?"
"नाही. विचारलंय एकीकडे, अजून उत्तर नाही."
"मग?"
मग सांगितलं. अण्णांचं, वाडीचं, माझं. खोलीबद्दल आभार मानले, लिंबाच्या झाडाबद्दलही. प्रोग्रामचं सगळं तिकडच्या मुलांना फेब्रुवारीभर बसून समजावीन, काही लपवून ठेवणार नाही, हेही. माझा आवाज मलाच ऐकू येत होता.
साहेब रागावले थोडे. "इतके दिवस बघतो, बघतो म्हणत होतात. आधी बोलायचं ना!"
"बरोबर आहे."
मग चहा मागवला. दोन.
संध्याकाळी घरी आलो तेव्हा अण्णा ओट्यावर होते. पावलांवरून ओळखलं.
"सांगितलंस?"
"सांगितलं."
"तोंडानं, का मान हलवून आलास?"
"तोंडानं, अण्णा."
त्यांनी बाजूला सरकून जागा केली. बसलो.