मोहल्ल्याच्या नावाचं पोतं

आंधळगाव
रविवार, ३ फेब्रुवारी १९८५

प्रिय केशव,

नमस्कार आणि जयभीम, दोन्ही लिहितो. जे घ्यावंसं वाटेल ते घे. माझं अक्षर पाहून पाकीट न फोडताच परत करशील या भीतीने वरचा पत्ता गोदावरीकडून लिहून घेतला आहे. इतक्या वर्षांनी लिहितोय आणि सुरुवातच लबाडीने, असं म्हणशील. म्हण.

इकडे आम्ही बरे आहोत. धान यंदा चांगलं झालं, मळणी आटोपली. गोदावरीचे गुडघे दुखतात, पण तोंड शाबूत आहे. तुझी पोस्टातली नोकरी, सुमनबाईची तब्येत, मुलांची शिक्षणं, सगळं नीट चालू असेल. तुझ्या आईला, बायजाबाईला, तू नागपूरला न्यायचं म्हणतोस आणि ती काही तुमचा बौद्ध मोहल्ला सोडत नाही, असं ऐकतो. तुझ्याबद्दलचं सगळं मला आता लोकांकडूनच कळतं.

तर पत्राचं कारण. भय्याजी आमदारकीला उभे राहताहेत. बुधवारी तहसीलीत अर्ज भरायचा आहे. करडीपासून सिहोऱ्यापर्यंतची माणसं महिनाभर त्यांच्या ओसरीवर येऊन बसत होती आणि म्हातारा काही हो म्हणेना. तुला स्वभाव माहीत आहे. पंचायत समितीचे सभापती असताना ज्याने तळ्याच्या पाण्याची पाळी शेवटच्या शेतापासून सुरू केली आणि कालव्याच्या तोंडाशी असलेलं स्वतःचं धान वाळू दिलं, रोवणीच्या बायांना गड्यांइतकी मजुरी आधी स्वतःच्या धानाच्या बांधीत दिली आणि त्यापायी भाऊबंदांच्या शिव्या खाल्ल्या, तो माणूस तिकिटासाठी कुणाच्या दारात थोडाच जाणार? शेवटी मागच्या बुधवारी म्हणाले, "अर्जावर सूचक म्हणून बायजाबाईचा अंगठा लागला त भरतो. नाई त तुमी सारे आपापल्या घरी जा." आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "विचाराले तूच जाशील."

मी गेलो. ती हो म्हणाली. टपालाला वेळ नाही म्हणून हे पाकीट उद्या नागपूरच्या एस. टी.ने कुणाच्या तरी हाती पाठवतो, तेव्हा तू मंगळवारी गावी ये आणि बुधवारी आईला घेऊन तहसीलीत ये. भाड्याची जीप सांगून ठेवली आहे. या वयात आईला एस. टी. झेपायची नाही.

एवढंच लिहून मी खाली सहीसुद्धा केली होती. ती खोडली आहे, तुला दिसेल. अठ्ठ्याहत्तरच्या जानेवारीचं बोलल्याशिवाय तू काही येणार नाहीस, हे मला कळतं.

तेव्हाही लोक असेच भय्याजींच्या मागे लागले होते आणि तेव्हाही त्यांनी अट घातली होती. मी उभं राहावं असं ज्या घराला वाटतं त्या घराने ओंजळभर धान द्यावं. प्रत्येक मोहल्ल्याचं पोतं वेगळं ठेवावं, म्हणजे मी कुणाला नको आहे तेही कळेल. आणि मग सगळं धान एकत्र भरडून शाळेपुढे साऱ्या गावाची एक पंगत बसवावी. धान गोळा करायचं काम माझं. तीन दिवस मी दारोदार फिरलो. तुमच्या मोहल्ल्याचं पोतं मात्र माझ्या कोठीतून भरलं. आणि तुला कार्ड टाकलं की तुझ्या आईने दोन ओंजळी भरून दिलं.

पकडला कसा गेलो ते तुला कुणी सांगितलं नसेल. तुमच्या नावाने द्यायचं तर चांगलंच द्यावं, म्हणून मी सुवासिक चिन्नोर ओतलं, पाहुण्यांच्या भातासाठी राखलेलं. भय्याजींनी पोत्यात हात घातला, तळहातावर धान पसरलं आणि म्हणाले, "पुंडलिक, मजुरी धा घरची, मंग धान एका जातीचं कसं? अन् मोहल्ल्यात चिन्नोर कोन पेरते बे?" जन्मभर धान पिकवणाऱ्या माणसाला हे सुचू नये! कापणीची मजुरी धानाने मिळते, दहा खळ्यांवरचं दहा प्रकारचं. मजुराच्या घरी ते मिसळलेलंच असायचं. तुला हसू येईल. मला अजून आलेलं नाही.

मी म्हटलं, वेळ कमी पडला. भय्याजींनी पोत्याचं तोंड परत बांधलं. दुसऱ्या दिवशी लोकांना सांगितलं की तब्येत साथ देत नाही, मी उभा राहत नाही. पंगत झाली नाही. धान ज्याचं त्याला परत गेलं, तुमच्या मोहल्ल्यात काहीच गेलं नाही, हे गावाने पाहिलं आणि तेंदूपत्त्याचा ठेकेदार आमदार झाला.

मग चहाच्या टपरीवर बोललं जाऊ लागलं की मोहल्ल्याने धान दिलं नाही म्हणून म्हातारा खचला, ज्यांच्यासाठी एवढं केलं तेच उलटले. मी तिथे बसून ऐकलं. एकदा नाही, वर्षभर ऐकलं. 'नाही रे, तसं नाही' एवढं म्हणायला काय लागलं असतं? मी चहा संपवून उठत असे.

तू आलास तो त्याच होळीला. अंगणाबाहेर उभा राहून म्हणालास, "पुंडलिक, माह्या मायनं सूप भरून दारात ठेवलं होतं. तीन दिवस कोंबड्या हाकलल्या तिनं." मी म्हटलं, आत तर ये. तू आला नाहीस, आणि त्यानंतर माझ्या एकाही पत्राला उत्तर दिलं नाहीस. मग मीही लिहिणं सोडलं.

का गेलो नाही ते तू विचारलं नाहीस. मी मात्र स्वतःला पुष्कळदा विचारलं. आधी म्हणायचो, सायकल पंक्चर होती. ती खरंच होती, पण तुमचा मोहल्ला माझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. मग म्हणायचो, ते तर भय्याजींचेच, घरच्या माणसांना काय विचारायचं! हे उत्तर बरीच वर्षं पुरलं. पुढे मनाशी कबूल केलं की मला पंगतीची धास्ती होती. तुमचं धान त्यात मिसळलंय हे कळलं की अर्धा गाव पानावर बसणार नाही, भय्याजींची शोभा होईल, आणि धान माझ्या कोठीतलं असलं तर कुरकुरणाऱ्याच्या कानात तसं सांगता येईल, म्हणून मी गेलो नाही. म्हणजे घाण गावाच्या मनात, मी आपला व्यवहार पाहिला. माझ्या मनात काही असतं तर भंडाऱ्याच्या हॉटेलात तुझ्या बशीतला चहा मी कसा प्यालो असतो?

हे मी अगदी खरं मानत होतो, केशव. गेल्या गुरुवारपर्यंत.

गुरुवारी दुपारी तुमच्याकडे गेलो तेव्हा बायजाबाई दारात तूर पाखडत होती. मला पाहून तिने सूप बाजूला ठेवलं. "आला का बापू," म्हणाली, "बस. थकलेला दिसून राहिला. पानी आनतो." शिवी दिली असती तर बरं झालं असतं. तिने पितळी लोटा राखेने घासला, विसळला, भरला आणि माझ्यापुढे धरला.

माझा हात मांडीवरून उठला नाही. म्हणजे उठला, पण उशिरा. किती उशिरा? एखादा माणूस ठसकेल तेवढा वेळ. तिच्या घरातलं पाणी, तिच्या घरातला लोटा, आणि हा पंचावन्न वर्षांचा घोडा नुसता लोट्याकडे बघत बसला. बायजाबाई सारा जन्म असले हात पाहत आली आहे. तिने लोटा मागे घेतला. रागाने नाही. "राहू दे बापू," म्हणाली, "तुले कायले त्रास." आणि पुन्हा तूर पाखडायला लागली. मी काहीतरी पुटपुटलो आणि निघालो.

हॉटेलातली कपबशी कुणाच्याच घरची नसते, म्हणून तिथे मला जमत होतं. मला लाज वाटते, केशव. इतकी की गोदावरीला सांगता आलं नाही, तुला लिहितोय.

अंगठ्याचं मी तिला विचारलंच नाही. सरळ भय्याजींकडे आलो आणि म्हटलं, हो म्हणाली. म्हातारा केवढा खुलला! "सात सालाचा काटा निघाला," म्हणाले, आणि सुलोचनावहिनींना चहा ठेवायला सांगितला. तो चहा मी प्यालो.

आता हे पत्र कशासाठी होतं ते तुझ्या लक्षात आलं असेल. तू येऊन आईची समजूत काढावीस आणि माझं खोटं बुधवारपर्यंत खरं होऊन जावं. भय्याजींसाठी तू ते केलंही असतंस. आणि ते निवडून आले असते यात मला शंका नाही. ठेकेदाराला लोक विटले आहेत. खरं सांगितलं तर म्हातारा अर्ज भरणार नाही, आणि पुढच्या खेपेला ते सत्तरीला टेकलेले असतील. एका लोट्यापायी साऱ्या तालुक्याचं नुकसान करावं का? चार दिवस हाच विचार घोळवतोय आणि दर वेळी उत्तर नेमकं माझ्या सोयीचं येतं. त्यावरूनच मला संशय आला.

उद्या सकाळी हे पत्र भय्याजींना वाचायला देणार. मगच पाकीट बंद करीन.

सोमवार, ४ फेब्रुवारी

दिलं. ओसरीवर पंधरा-वीस माणसं होती, सिहोऱ्याहूनही आली होती. कोरा अर्ज भय्याजींच्या पुढ्यात होता. त्यांनी चष्मा लावून पत्र सावकाश वाचलं, मधे एकदा मागे जाऊन काही पुन्हा वाचलं. मी पायरीवर उभा. संपल्यावर घडी घालून माझ्या हातात दिलं आणि लोकांना म्हणाले, "अठ्ठ्याहत्तरात मोहल्ल्यानं धान नाई देलं असं तुमी म्हनता न? त्यायच्याकडे कोनी मागाले गेलंच नव्हतं. मले तवाच समजलं होतं. माहा मानूस उघडा पडू नये म्हनून मी आजाराचं सोंग घेतलं, अन् बोल त्या लोकायवर येऊ देला. मी उभा नाई राहत."

"काहून भय्याजी," कुणीतरी म्हणालं, "एवढ्या जुन्या गोष्टीपायी?"

"जुनी? गुरुवारची हाय." मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, "तीस साल हा माह्यासंग हिंडला. बायजाबाईच्या हातचा लोटा घ्याले मी याले शिकवू नाई शकलो. मुंबईले जाऊन कोनाले शिकवू?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली नाही, एवढंच सांगतो; घालायला हवी होती की नाही तेही मला कळत नाही. भय्याजींनी चपला घातल्या आणि मोहल्ल्याकडे निघाले. मीही निघालो, सवयीने. म्हणाले, "तू नको येऊ." तीस वर्षांत ते मला असं कधी म्हणाले नव्हते.

ते अजून परतलेले नाहीत. माणसं एकेक करून गेली. सुलोचनावहिनी दोनदा बाहेर येऊन गेल्या, मला बस म्हणाल्या नाहीत. मी इथे पायरीवरच बसून हे लिहितोय.

बुधवारी तुला यायचं कारण उरलं नाही. जीपवाल्याला नको म्हणून सांगतो. तुझ्या आईकडे मी पुन्हा जाणार की नाही, ते इथे लिहीत नाही. त्या कार्डापासून माझं लिहिलेलं तुला पुरे झालं आहे. पण तिला भेटशील तेव्हा एवढं सांग, की लोटा मागे घेतला ते तिने बरोबर केलं. मी ते पाणी प्यालो असतो, तर आज गावभर सांगत फिरलो असतो.

फक्त स्वतःच्या नावाने,
पुंडलिक