केस असलेल्या दोघी

सोमवार, २ फेब्रुवारी

उवा! खारूच्या डोक्यात. शाळेच्या फाटकाशी बाईंनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं. वर्गात बऱ्याच मुलींना झाल्यात, घाबरू नका म्हणाल्या. मी कुठे घाबरले! फक्त ऐकल्यापासून माझंच डोकं खाजतंय. उवांचं नाव काढलं की कुणाचंही खाजतं म्हणा.

येताना बसमध्ये ती माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली. तिच्या बाबांशी लग्न होऊन पाच महिने झाले, आज पहिल्यांदा. उवा आहेत हे ठाऊक असून मी हलले नाही. उतरायचा थांबा गेला, मग पुढून चालत आलो.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

औषधवाला म्हणाला, घरातल्या सगळ्यांना लावा. म्हटलं, नवऱ्याच्या डोक्यावरून ऊ घसरून पडेल, इतकं टक्कल आहे. हसला. एकच बाटली घेतली आणि एक लोखंडी फणी. बाटली अख्खी खारूलाच लागली, एवढे लांब केस! माझे मी आरशासमोर विंचरून पाहिले. काही नाही.

केसांना हात लावू देईल की नाही, हीच धास्ती होती. शनिवारी ती आजीकडे राहायला जाते – आईच्या आईकडे. आई गेली त्याला तीन वर्षं झाली, तेव्हापासूनचा हा नेम. आजी तेल लावून दोन घट्ट वेण्या घालते आणि ही बया त्या मंगळवारपर्यंत सोडत नाही. पुढे बाप रबरबँड लावतो, तेही वाकडं. मला मात्र, ‘नको मावशी, मी करते.’

आज मुकाट बसली. खिडकीशी स्टूल, खांद्यावर पांढरा टॉवेल. दुकानातून नंबर तपासायचं भिंग आणलं होतं, चष्म्याच्या दुकानातल्या नोकरीचा हा एक फायदा. ऊ टॉवेलवर पडली की दोघी वाकून बघायचो. ‘केवढी धष्टपुष्ट आहे!’ म्हणाली. माझ्या रक्तावर नाही पोसली, म्हटलं. हसली.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी

रोज विंचरते. पाठमोरी असली की बोलते, हे कळलंय. समोर तोंड असलं की हं आणि नाही, एवढंच. आज बाकावरच्या मैत्रिणीशी झालेलं भांडण सांगितलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मी फणी चालू ठेवली.

टॉवेल कोरा. सुटलो!

सोमवार, ९ फेब्रुवारी

काल आजीकडून आली. आज वेण्या सोडून बघितलं तर पुन्हा तेच.

सोमवार, १६ फेब्रुवारी

औषधाचा दुसरा हात झाला होता. शनिवारी सकाळी डोकं स्वच्छ, मी स्वतः भिंगातून पाहिलं. रविवारी आजीकडून आली आणि आज टॉवेलवर तीन. दोन आणि दोन चार. आजीला डोळ्यांनी कमी दिसतं, दोघी एका उशीवर निजतात. येतात त्या तिथूनच.

नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, म्हातारीला दुखवू नकोस, तिला हिच्याशिवाय कोण आहे? मग मी काय मुद्दाम दुखवतेय?

फोन केला. शक्य तितकं गोड बोलले. काही दिवस खारूला पाठवत नाही, आधी तुमचं डोकं बघून घ्या, म्हटलं. आजी ‘बरं’ एवढंच म्हणाली.

खरं लिहायचं तर त्या वेण्या मला सलतातच. पण हे त्यामुळे नाही. नाहीच.

गुरुवार, १९ फेब्रुवारी

खारू स्टुलावर बसते, पण बोलत नाही. पाठमोरी असूनही.

रविवार, २२ फेब्रुवारी

पहिला रविवार आजीशिवाय. ती खिडकीत बसून होती. बाहेर नेते म्हटलं, नको. खायला करते म्हटलं, नको. हल्ली दर रविवारी याची रात्रपाळी असते, त्या रात्री दोघी एकाच पलंगावर निजतो. आधी भिंतीकडे तोंड करून निजते आणि सकाळी बघावं तर डोकं माझ्या गळ्याशी. तेवढं तरी आहे.

सोमवार, २३ फेब्रुवारी

टॉवेलवर दोन. चांगल्या जिवंत!

आजीकडे गेली नाही. शाळेत आता कुणालाच नाहीत, बाईंना विचारून आले. मग आल्या कुठून?

मंगळवार, २४ फेब्रुवारी

दार उघडलं तर आजी. दोन बस बदलून एकटी आली होती. मी काही म्हणायच्या आत स्टूल ओढून खिडकीशी बसली, अंबाडा सोडला. ‘बघ. मला दिसत नाही, तू बघ.’

टॉवेल घातला, भिंग घेतलं. पांढरे, विरळ, मऊ केस. कानामागे पाहिलं, मानेवर पाहिलं. एक लीखसुद्धा नाही. मेल्याहून मेल्यासारखं झालं. चुकले, म्हटलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. चहा घेतला, खारूच्या वेण्या घातल्या. खारू तिचा पदर सोडेना.

निघताना जिन्यात थांबली. ‘आणि तुझं डोकं कोण बघतं गं?’

कुणी नाही, म्हटलं. माझी आई लांब. इथे सांगायचं कुणाला?

आजीने माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि उतरून गेली.

बुधवार, २५ फेब्रुवारी

दुकानातून आले तर खिडकीशी स्टूल, त्यावर टॉवेल, आणि खारू फणी घेऊन उभी. ‘मावशी, बस. मान खाली.’

पहिल्याच फणीला पडल्या. मानेवर, केसांच्या मुळाशी – आरशात कधी दिसल्याच नसत्या. भिंग घेऊन बघत राहिली. मला वाटलं आता म्हणेल, उगीच माझ्या आजीला बोललीस. म्हणायलाच हवं होतं.

ती फोनकडे पळाली. ‘आजी, तुझ्या नव्हत्याच! आमच्याच घरच्या होत्या. मावशीच्या डोक्यात भरपूर आहेत. शनिवारी तिलापण आणते, आपण दोघी मिळून काढू.’

मग परत येऊन फणी घेतली. रडत होते ते तिला दिसलं नाही. मी पाठमोरी होते.