खालून पाहिल्याप्रमाणे

३ फेब्रुवारी, सोमवार. घाटनांदूर

मायनं परत मोबाईल ज्वारीच्या कोठीत नेऊन ठेवला! ओल्या बाळंतिणीनं डोळ्याला ताण द्यायचा नसतो म्हणे. कानात कापूस, डोक्याला रुमाल, बाजेखाली शेगडी — अन् मी, अणुभट्टीच्या इंधनाचं डिझाईन करणारी बाई, मोबाईलसाठी कोपरापर्यंत ज्वारीत हात घालून! वही तेवढी उशाखाली टिकली. मायला वाटतं मी बाळाच्या दुधाच्या वेळा लिहिते.

पोरगी तीस दिवसांची झाली. झोपेत हसते. लई दिलंस रे देवा.

४ फेब्रुवारी

आबा मेंढरं घेऊन लांब गेलेत. तरी सांजच्याला मायच्या मोबाईलवर फोन — "पोरगी काय म्हणती?" पोरगी काय म्हणणार आबा, एकतीस दिवसांची!

५ फेब्रुवारी

माय बाळासाठी वाकळ शिवतेय. म्हणाली, "तू तिकडं कसलं डिझाईन काढतीस ते दे की काढून. नातीच्या अंगावर तेच घालू." ऑफिसचं काही बाहेर काढायचं नसतं, म्हणून कॉलेजच्या पुस्तकातलं जुनं, साधं काढून दिलं. सात आडवे, सात उभे — एकोणपन्नास चौकोन. एक चौकोन म्हणजे इंधन भरलेली एक नळी, दोन माणसांएवढी उंच. अशा नळ्यांचं एक बंडल. मधला निळा तुकडा म्हणजे नुसत्या पाण्याची नळी. बाकी लाल. एका कोपऱ्यातले तीन पिवळे — त्यांत जरा कमी ताकदीचं इंधन.

"तेवढ्यालाच कावून कमी?"

सांगितलं — भट्टीत पाणी उकळत असतं. त्या कोपऱ्याच्या बाहेर पाणी जास्त. पाणी जास्त तिथं जोर जास्त. तिथं कडक इंधन ठेवलं तर नळी वाजवीपेक्षा तापते, चिरायची भीती. "म्हंजे चुलीच्या तोंडाशी बारीक लाकूड," म्हणाली अन् सुईत दोरा ओवायला लागली. मला हे समजवायला वीस स्लाईड लागतात!

६ फेब्रुवारी

आज जेवणानंतर माय कागद उलटासुलटा करत बसली होती. मग म्हणाली, "अगं, वाकळीला दोन अंगं असत्यात. हा कागद वरल्या अंगाचा हाय का खालच्या? खालून बघितलं की पिवळा कोपरा दुसऱ्या हाताला जातोय."

मी हसले. वरल्या अंगाचा गं, म्हटलं. बाळाला पाजायला घेतलं अन् एकदम ऑफिसचं ड्रॉइंग आठवलं.

आमच्याकडं नळ्या खालच्या टोकाकडून भरतात. म्हणून नव्या बंडलाची मांडणी मी खालून बघितल्यासारखी काढली होती. पण कारखान्यात काही लिहिलेलं नसलं की वरूनच बघितलंय असं धरतात. ड्रॉइंगवर ‘खालून पाहिल्याप्रमाणे’ अशी एक ओळ लागते. ती लिहिली का मी? डिसेंबरात आठवा संपत आलेला, पाय सुजलेले, सही करून गाडीत बसले होते. काही म्हणजे काही आठवेना.

अन् नळ्या बसवायची भोकं सगळी सारखी! चुकीची नळीसुद्धा मुकाट बसते. ना अडकणार, ना कुणाला दिसणार. कमजोर नळ्या भलत्याच कोपऱ्यात, अन् पाण्याच्या तोंडाशी कडक.

७ फेब्रुवारी

कोठीतून मोबाईल काढला. धनश्रीला लावला — माझ्याच गटातली, माझ्याहून दोन वर्षांनी धाकटी. मी रजेवर आल्यापासून माझं टेबल तीच सांभाळते. म्हटलं, मांडणीचं ड्रॉइंग उघड, खाली डावीकडं बघ, ओळ आहे का. क्लिकचे आवाज येत राहिले. मग — "नाही ताई."

"सरांना सांगू का?" विचारत होती बिचारी. मीच सांगते म्हटलं.

परमेश्वरला फोन केला. नवऱ्याला नाही तर कुणाला सांगू! तो म्हणाला, "पहिलं बंडल भरायला वीस तारखेला घेणार ना? अन् गटप्रमुखाच्या बढतीची यादी चौदाला. मग सोळाला सांग. कुणाचं काय बिघडतं?" वर म्हणाला, "बाळंतपणात डोकं ठिकाणावर नव्हतं म्हणतील. तुझंच नव्हे, पुढच्या बायांचंही नाव खराब होईल."

खोटं नाही त्याचं. सात वर्षं वाट बघितलीय मी त्या यादीची! पण कुणी घाई करून वीसच्या आधीच भरायला घेतलं तर?

८ फेब्रुवारी

सरांना सांगितलं. चूक माझी, म्हटलं. ते म्हणाले, "बरं झालं बोललात. काम थांबवतो. पण लेखी द्यावं लागेल." ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

मायला सगळं सांगितलं. घाबरीघुबरी झाली. "मंग आता काढतेत का काय तुला कामावरून? मेलं माझं तोंडच वाईट, कशाला इचारलं!" मी तिला मिठीच मारली. अगं माय, चार जणांच्या सह्या आहेत त्या कागदावर. चौघं शिकलेले. तू विचारलंस ते एकानं विचारलं नाही.

१० फेब्रुवारी

लेखी पाठवलं. तीन ओळी. परमेश्वर दोन दिवस घुश्शात. आज मात्र बाळाचा फोटो मागितला.

१४ फेब्रुवारी

यादी लागली. गटप्रमुख — धनश्री.

चौकशी पूर्ण होईपर्यंत माझा विचार नाही, असं सरांनी आधीच कळवलं होतं. तरी रडले. तोंडात पदर कोंबून रडले, बाळ उठेल म्हणून. मायनं गरम पाणी काढलं, डोक्याला तेल घातलं, केस विंचरून दिले, मी चौथीत असताना द्यायची तसे.

एकही नळी चुकीच्या भोकात गेली नाही. बाळ धडधाकट आहे. याहून काय पाहिजे?

(पाहिजे होतं. वहीत खोटं कशाला लिहू.)

धनश्रीला अभिनंदनाचा मेसेज टाकला. उत्तर नाही.

१५ फेब्रुवारी

आबा आले! नातीला हातात घ्यायला घाबरतात. दोनशे मेंढरं हाकणारा माणूस!

१६ फेब्रुवारी

सव्वा महिना झाला. कानातला कापूस निघाला एकदाचा. किती आवाज असतात सकाळी! धनश्रीचं अजून काही नाही. पद मिळालं की माणसं अशी होतात का? की मीच जळते? जळते थोडी.

१८ फेब्रुवारी

धनश्रीचा फोन. धड बोलता येईना तिला. "ताई, ती ओळ तुम्ही लिहिली होती. तुम्ही गेल्यावर ड्रॉइंग नव्या कागदावर घेतलं, तेव्हा माझ्याकडून सुटली. तुम्ही विचारलंत ना, तेव्हाच मला कळलं होतं."

मी विचारलं, सरांना कधी सांगणार?

"सकाळी सांगून आले. यादीतून नाव काढा म्हणून लिहून दिलं. मगच तुम्हाला लावायची हिंमत झाली."

दुपारचे तीन वाजले होते. तिला म्हटलं, जेवलीस का तू?