आईंना सांगितलेलं लग्न

अहो,

“लगीनघर हाय ना? मंग चहाला पन कोनी इचारीत नाय!” आई माझ्या कानाशी कुरकुरल्या. खांदा कॉलनीतला तो वृद्धाश्रम आज त्यांना घेऊनच बघून आले. लग्नाला जायचंय म्हटल्याशिवाय त्या रिक्षात बसेनात. जन्मभर लोकांच्या मांडवात लग्नाचे धवले गायलेल्या बाईला दुसरं काय सांगणार?

जागा स्वच्छ आहे. विसरणाऱ्या माणसांचा मजला वेगळा आहे. तिथल्या मावशी भरवताना घाई करत नाहीत, मी तासभर बसून पाहिलं. मासे मात्र फक्त बुधवारी.

आईंनी तिथल्या म्हाताऱ्यांना अख्खा धवला म्हणून दाखवला, एक शब्द चुकला नाही. मला मात्र दोनदा विचारलं, “तू कोनाची गो, बाय?”

आता त्या शेजारी सुनितावहिनींकडे आहेत, मी आईंची औषधं आणायला जातेय. तुमच्या तोंडावर सांगवणार नाही, म्हणून लिहून ठेवते. आश्रमातून परत येताना रिक्षात आई एकदम शहाण्यासारख्या म्हणाल्या, “लगीन नव्हता ना? मना ठेवाची जागा बघाला आनलंस.”

मी म्हटलं, “हो, आई. मला आता झेपत नाही.”

— दिपा