एक नंबर पायपुसणं

तीर्थरूप दादास,

धाकटीचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे आठांपैकी पाचच अंगं टेकली. उरलेली तीन पुढच्या भेटीत वसूल कर.) तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा स्वभाव कसा आहे? आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत, फक्त मी सोडून, आणि त्याचं कारण तू आहेस. पण ते सावकाश सांगते, कारण मोठ्यांना एकदम फाडकन बोलू नये असं आईनं शिकवलंय. फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर टाकून चष्मे पुसत बसतोस आणि सगळं दुकान ऐकतं. म्हणून हे पत्र.

कपड्यांच्या कारखान्यानं मला नारळ दिल्यापासून मी घरी चिंध्यांची पायपुसणी विणते आणि एका वेबसाइटवर विकते, हे तुला ठाऊक आहेच. आयुष्यात पहिल्यांदा माझं स्वतःचं दुकान झालं, भले मोबाइलच्या पडद्यावर का असेना. सकाळी दात घासायच्या आधी मी ते उघडून बघते. तिथली पद्धत अशी की गिऱ्हाईक मला स्टार देतं आणि मी गिऱ्हाइकाला. सरासरी अडीचच्या खाली गेली तर महिनाअखेरीस दुकान बंद. एका माणसाला एकदाच स्टार देता येतात आणि दिलेले परत घेता येत नाहीत (नाहीतर म्हणे दुकानदार लोकांच्या मागे लागून बदलून घेतात). काय चोख न्याय आहे, असं मला वाटायचं. तेव्हा माझे स्टार चांगले होते.

मग एका दातांच्या डॉक्टरनं मला दोन स्टार दिले. का, तर पायपुसणं सुबक आहे, पण पाय पुसले की मळतं! अरे बाबा, मग काय उजळायला हवं होतं? माझं डोकंच फिरलं. मीही त्याला गिऱ्हाईक म्हणून दोन दिले आणि खाली लिहिलं, माणूस सज्जन, पण पाय मळके. संध्याकाळी त्याचा काकुळतीचा निरोप, की ताई, हे माझे पेशंट वाचतात हो, तुम्ही तुमचं काढा, मी माझं काढतो. पण काढता येतंय कुठे? आता तो जन्मभर मळक्या पायांचा आणि मी मळक्या पायपुसण्यांची. आमच्या खालच्या मजल्यावरच्या मास्तरांनी तर रंगांपासून गाठींपर्यंत मन लावून लिहिलं, चूक एकही काढली नाही, आणि दिले तीन. म्हणे नोकरीभर कुणाला पैकीच्या पैकी दिले नाहीत, आता उतारवयात हात कशाला बिघडवू? आणि एका बाईनं एकच स्टार दिला, कारण पार्सलवाल्यानं बेल जोरात वाजवली. बेल तिची, बोट त्याचं, आणि स्टार गेले माझे.

तेव्हा आमच्या ह्यांनी सुचवलं, की घरच्या माणसांना सांग ना. म्हणून मी तुला फोन केला, आणि तू म्हणालास, मी बघतो. दादा, तू ‘मी बघतो’ म्हणालास की मला लहानपणापासून धडकी भरते. (माझ्या सायकलच्या ब्रेकला तू तेल घातलं होतंस, आठवतंय?) लगेच फॅमिली ग्रुपवर तुझा हुकूम निघाला, की सगळ्यांनी धाकटीकडून एकेक पायपुसणं घ्यायचं आणि तिला एक नंबर द्यायचा. आणि आपलं खानदान, जे फोटो काढतानासुद्धा कधी एका दिशेला बघत नाही, त्यानं हे मात्र एकदिलानं पार पाडलं. एकजात सगळ्यांनी मला एक स्टार दिला.

अरे, एक नंबर म्हणजे एक स्टार नव्हे रे! तिथे एक म्हणजे अतिशय वाईट आणि पाच म्हणजे उत्तम. स्टारच्या खाली बारीक अक्षरात तसं लिहिलेलंसुद्धा असतं. जन्मभर लोकांकडून बारीक अक्षरं वाचून घेणारा चष्मेवाला तू, आणि तुला ते दिसू नये? बरं, नुसता स्टार देऊन थांबायचं, तर प्रत्येकानं प्रेमानं दोन शब्दही लिहिले. तू लिहिलंस, ‘डोळे मिटून घ्यावं असं पायपुसणं.’ मावशीनं लिहिलं, ‘बघून डोळ्यांत पाणी आलं.’ काकांनी लिहिलं, ‘यावर पाय ठेवायची हिंमत होत नाही.’ आता प्रत्येकाच्या डोक्यावर एकुलता एक स्टार ठेव आणि परक्या माणसाच्या नजरेनं वाचून बघ. मी वाचलं, आणि दादा, खरं सांगते, मी भोकाड पसरून रडले. दुसऱ्या दिवशी दात घासून झाले तरी दुकान उघडून बघायचं धाडस होईना.

शेवटी वेबसाइटच्या मदतनिसाला लिहिलं. (तो माणूस नसून यंत्र आहे. मी काहीही सांगितलं तरी आपल्या भावना आम्ही समजतो म्हणतो, अगदी आमच्या ह्यांच्यासारखा.) त्यानं सांगितलं, की हे लोक तुमचे नातेवाईक असतील तर ती फसवणूक, दुकान आजच बंद. परके असतील तर स्टार खरे, ते राहतील. म्हणजे नातेवाईक म्हणावं तर आज फाशी, परके म्हणावं तर महिनाअखेरीस. मी परके म्हटलं. (मावशीला हे कळू देऊ नकोस, ती मनाला लावून घेईल.) शिवाय त्यानं तंबी दिली, की यापुढे कुणाकडे कौतुक मागायचं नाही. आणि जाता जाता मलाच विचारलं, आमची मदत कशी वाटली, किती स्टार द्याल? मी त्याला एक नंबर दिला.

असो. तुझ्यावर माझा राग नाही, तू जीव लावूनच सगळं केलंस. गुडघ्याला जप आणि माझ्या कुठल्याही कामाला यापुढे हात लावू नकोस.

तुझी,
धाकटी

ता. क. : मुख्य गोष्ट राहिलीच. दुकान अजून वाचू शकतं, आणि ते वहिनींमुळे. माझं आजवर काहीही पसंत न पडलेल्या वहिनींनी काल, सगळ्यांच्या मागून, तुझ्या हिशोबानं मला मुद्दाम पाचवा नंबर दिला. मावशीला फोन करून त्यांनी तसं ठसक्यात सांगितलंही. आणि वर लिहिलं, ‘असं पायपुसणं मी उभ्या जन्मात पाहिलं नाही.’ पाच स्टार! वेबसाइटनं ते सगळ्यांत वर लावलंय. वहिनींबद्दल इतकी माया मला आजवर कधी वाटली नव्हती. आता असे आणखी फक्त एकदा पाच मिळाले, की मी अडीच ओलांडते. कौतुक मागायला बंदी आहे, पण राग मागायला नाही, मी नियम नीट वाचलेत. वहिनींच्या बहिणीला तर मी मुळीच खपत नाही. तिला एक पायपुसणं घ्यायला लाव, आणि एक नंबर म्हणजे एक स्टार हे तिच्या डोक्यात पक्कं बसव. हे काम मात्र तू बघ.

ता. क. २ : पाकीट चिकटवून झाल्यावर आठवलं, म्हणून मागच्या बाजूला लिहिते. वहिनींच्या हाती पडू नये म्हणून मी तुझ्या दुकानाचा पत्ता घातला, पण दुपारी तुझा डबा घेऊन त्याच येतात आणि टपालही त्याच फोडतात. तेव्हा वहिनी, नमस्कार. गैरसमज नसावा. तुमचे मनापासून आभार, आणि दिलेले स्टार परत घेता येत नाहीत.