दुष्काळात बुडालेला कॉम्प्युटर

२९ मार्च
टँकर येऊन गेला. एक ड्रम मिळाला. तो पुढच्या खोलीत, कॉम्प्युटरच्या टेबलाला लागून ठेवलाय, कारण घरात कुलूप लागणारी खोली तेवढी एकच. गल्लीत कुणाचा तरी भरलेला ड्रम रातोरात रिकामा झाला, तेव्हापासून सगळ्यांनी पाणी कुलपात घातलंय. माझ्या कानातलं मात्र उघड्या कपाटात असतं. ह्यांनी ड्रमला खाली तोटी बसवली आणि तो विटांवर चढवला. स्वतःवरच खूश आहेत.

मायला डॉक्टरकडे नेलं. लकवा मारल्यापासून उजवा हात पडलेला, आणि सगळ्या शब्दांतून एकच उरलाय. पाणी पाहिजे का? हाव. दुखतंय का? हाव. तुझं नाव काय? हाव. डॉक्टर म्हणाले, बोलणं गेलं तरी कधी कधी गाणं शाबूत राहतं, ते डोक्यात दुसऱ्या बाजूला असतं. तिचीच गाणी तिला ऐकवत जा, लवकर सुरू करा. मी म्हटलं, त्याला काय, सगळी आहेत माझ्याकडे, कॉम्प्युटरात. रिक्षात बसल्यावर माझेच डोळे भरून आले, आनंदानं. उद्या शाळेतून आले की लावते.

३० मार्च
शिरूरच्या माझ्या शाळेतून बसनं आले, खोली उघडली तर पायाखाली पाणी. तोटी निसटलेली, धार थेट टेबलाखाली. अर्धा ड्रम फरशीवर आणि त्यात कॉम्प्युटरचा डबा उभा. अख्ख्या लातुरात घशाला कोरड, आणि माझा कॉम्प्युटर बुडाला.

आम्ही दोघांनी आधी काय केलं, तर फडकी पिळून पिळून पाणी बादलीत भरलं. धुण्याला होईल म्हणून. कॉम्प्युटरकडे बघायचं त्यानंतर सुचलं. मी नको नको म्हणेपर्यंत ह्यांनी बटण दाबलं. चट् आवाज, जळका वास, संपलं.

माय दारात खुर्चीवर बसून बघत होती. मी म्हटलं, माय, तुझी गाणी गेली गं. ती म्हणाली, "हाव."

३१ मार्च
चौकातल्या दुरुस्तीच्या दुकानात गेले. त्यानं डबा उघडायच्या आधीच सांगितलं, मॅडम, आतलं बदलू आणि फॉरमॅट मारू. इथं सगळ्यावर एकच औषध. म्हणे, सी ड्राइव्ह पुसतो, डी ला धक्का लागत नाही, माणसं सगळं डी मध्येच ठेवतात.

मी नाही ठेवलं. माझं सगळं समोर, डेस्कटॉपवर, म्हणजे सी मध्येच, ‘माय’ नावाच्या फोल्डरात. सात-आठ वर्षं तिला गायला लावलं, मोबाइलवर घेतलं, मोबाइल भरला की कॉम्प्युटरात टाकलं आणि मोबाइलातलं पुसलं. डोळ्यांसमोर असलेलं बरं, असं वाटायचं. आता तिचा आवाज जगात आणखी कुठेच नाही.

डबा उचलून परत आणला. तो मागून म्हणाला, दुसरीकडं बी हेच सांगतील.

२ एप्रिल
सकाळची शाळा. बि. सरांना सांगितलं. बिरादार सर आमच्याकडे कॉम्प्युटर शिकवतात आणि राहिलेल्या वेळात उदगीर जिल्हा करतात. नवा जिल्हा झालाच पाहिजे, ह्या विषयावर आधी माझी पूर्ण मधली सुट्टी गेली. मग म्हणाले, डिस्क डब्यात कुठं बसवलीय, वर का खाली? मला काय ठाऊक. म्हणाले, वर असंल तर पाणी तिथवर पोचलं नसंल. करंट द्यायचा नाही. खोलून काढा, नीट वाळवा, मग आणा.

घरी आल्या आल्या खोललं. वर आहे! धारेची ओल तिच्या खाली चार बोटं थांबलीय. तेवढ्यावर हात ठेवून मी बराच वेळ बसले. एवढीशी लोखंडी वडी, आमच्या साबणदाणीएवढी, आणि त्यात माझी माय.

३ एप्रिल, रवि.
गच्चीवर पत्र्याच्या सावलीत जुनं लुगडं अंथरलं, त्यावर डिस्क. ऊन असं की कबुतरंसुद्धा टाकीच्या आडोशाला. ज्या उन्हानं विहिरी आटवल्या, त्यालाच आज मी म्हणायलेय, आणखी तापव.

मायला हळूहळू धरून वर आणलं. तिनं लुगड्याकडे बघितलं, डाव्या हाताचा तळवा उताणा केला, पालथा केला. मला कळेना. परत केलं. मग कळलं. पापड उलटायला सांगायलीय! वाळत घातलं की दुसरी बाजू द्यायची. मी डिस्क उलटी ठेवली. माय म्हणाली, हाव. पहिल्यांदा ह्या हावला अर्थ होता. मी हसायले आणि रडायले, दोन्ही.

७ एप्रिल
स्टाफरूम. सरांनी डिस्क एका केबलनं त्यांच्या लॅपटॉपला जोडली. फिरली! बारीक गरगर ऐकू आली. मग पडद्यावर पाटी आली: ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? सरांचं बोट सवयीनं निघालंच होतं. मी सरांचं मनगट धरलं. सगळा स्टाफ बघायला लागला. धरून ठेवलं.

सर लाजले. म्हणाले, बरं झालं धरलात, आमच्या बोटाला खोड लागलीय. मग नीट सांगितलं. चट् झालं तेव्हा डिस्कच्या दरवाज्यावरचा नंबर तेवढा पुसलाय, आत फाइलींच्या खोल्या तशाच असतील. आधी अख्ख्या डिस्कची जशीच्या तशी नक्कल काढायची, आणि जे काय करायचं ते नकलेवर. मूळला हात लावायचा नाही. पण त्याला तेवढीच मोठी रिकामी डिस्क लागते. सरांकडे एक आहे, तिच्यात उदगीर जिल्ह्याचे मोर्चे, उपोषणं, निवेदनं, सगळे व्हिडिओ. कुठे हलवायचे म्हणून डोकं खाजवत बसले. जाताना म्हणाले, बघतो मॅडम, जिल्ह्याला जरा सरकवतो.

१३ एप्रिल
रेल्वेनं पाणी यायलंय. हे खास स्टेशनवर जाऊन बघून आले. म्हणाले, एवढ्या लांबून, डब्याला डबा लावून, नुसतं पाणी. लोक हात जोडत होते. माय ऐकत होती.

सरांचा फोन नाही. मी दोनदा केला, मग लाज वाटली.

१४ एप्रिल
जयंती. दरवर्षी विहारात पहिलं गाणं मायचं. तिनं उचललं की बाकीच्या बाया धरायच्या. ह्या वर्षी तिला पांढरं लुगडं नेसवून पुढे बसवलं. बाया तिच्या तोंडाकडे बघत थांबल्या. माय पण थांबली, जणू दुसरंच कुणी सुरू करणार आहे. शेवटी मागून कुणीतरी उचललं. मायचे ओठ मिटलेलेच. पण डावा हात मांडीवर ठेका धरत होता, अगदी बरोबर. एकदाही चुकला नाही.

डोक्यात गाणं आहे. दार सापडत नाही.

१८ एप्रिल
सापडलं. सापडलं.

सरांनी नक्कल काढून आणली होती. लॅपटॉपवर एक प्रोग्रॅम लावला, तो म्हणे दरवाजा सोडून भिंतीतून खोल्या शोधतो. शाळा सुटून गेली, आम्ही बसून. पट्टी हळूहळू पुढे सरकायली आणि खाली फाइली उगवायल्या. पेरल्यासारख्या. पण नावं सगळी गेलेली. मी ‘माय जातं’, ‘माय पाळणा’ अशी हौसेनं नावं दिली होती, त्यांच्या जागी नुसते आकडे. सर म्हणाले, आता एकेक उघडूनच ओळखायची. लावा कुठलीही.

लावली. आधी खरखर. मग शेळी. मग माझाच आवाज, चढेल, विचारायलाय, लातूर जिल्हा झाला तवा तू इकडं नवी नवरी ना गं? आणि मग ती. अख्खी, मोकळी, पान खाल्लेल्या तोंडानं:

"हाव तं. लोक म्हनायचे, जिल्हा झाला, जिल्हा झाला. मी म्हनलं, जिल्हा नवा, पन माझी घागर जुनीच हाय की. माहेरी मुखेडात बी डोक्यावर, हितं बी डोक्यावर."

सर माझ्याकडे बघेनात. मग मोठ्यानं हसले. म्हणाले, आईंना सांगा, उदगीर जिल्ह्यात नळ देतो.

मला हसू पण आलं नाही. तीन आठवडे ज्या बाईच्या तोंडून एक शब्द ऐकलाय, ती पत्र्याच्या डब्यातून, पाण्यातून, उन्हातून निघून ह्या खोलीत बोलायली होती. मी उभी राहिले. का, माहीत नाही. सर पण उभे राहिले.

२० एप्रिल
घरी. दुपारी मायला टेकवून बसवलं, लॅपटॉप समोर. सरांनी तो आठवड्यासाठी दिलाय.

पहिली दोन गाणी ती नुसती ऐकत राहिली. बाई कोण आहे, असं बघत होती. मग तिसरी फाइल. हे गाणं मला ठाऊक आहे. बहात्तरच्या दुष्काळात ती लहान असताना माझ्या आजीबरोबर खडी फोडायला जायची, तिथलं.

खडी फोडू फोडू बाई, हाताला आले फोड
बाबाचं नाव घेता...

आणि फाइल तुटली. तिथेच. सर म्हणाले होते, काही अर्ध्याच निघतील. मी चिडून दुसरी लावायला हात पुढे केला.

"पानी लागतंय गोड."

मायनं म्हटलं. सुरात. तोंड थोडं वाकडं, शब्द जड, पण तीनही शब्द तिचे. ह्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. मायनं स्वतःच दचकून आमच्याकडे बघितलं, जणू मागून कुणी बोललं.

मी पायाशी बसले. म्हटलं, माय, परत म्हण. ती म्हणाली, हाव. म्हण ना. हाव. फाइल परत लावली, परत तिथेच तुटली, आणि परत तिनं पुढचं म्हटलं. यंत्रात नाही ते. पडून गेलं होतं ते. तिच्याकडे होतं.

मला भीती वाटली. आनंदाची भीती असते का?

२१ एप्रिल
डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, फार आशा बांधू नका, आणि गाणं बंद पण करू नका. दोन्ही एका दमात. काय समजायचं माणसानं.

फाइली तीन जागी ठेवल्यात. एक सरांच्या डिस्कवर, मोर्च्यांच्या जागी. सर म्हणाले, राहू द्या तिथंच, जिल्हा काय आज होत नाही.

ह्यांनी ड्रम स्वयंपाकघरात नेला. कुलूप नाही. नेला कुणी तर नेऊ दे, म्हणाले.

२४ एप्रिल, रवि.
आकड्यांच्या फाइली अजून निम्म्याही ऐकून झाल्या नाहीत. पुऱ्या निघाल्या की मला आनंद होतो. पण खरं लिहायचं तर आता मी तुटलेल्या शोधायलेय. पूर्ण गाणं लागलं की माय नुसती ऐकते. अर्धं तुटलं की तिचा श्वास वर जातो.

आज एक निघाली, पहिल्याच ओळीत तुटलेली. कुठलं गाणं तेही मला आठवेना. ओळ थांबली. मायनं तोंड उघडलं. काहीच आलं नाही. डावा हात मात्र मांडीवर चालू राहिला, ठेका धरून, पुढचं सगळं गाणं असल्यासारखा.

मोबाइल काढला, आवाज टिपायचं लाल बटण दाबलं, तिच्या मांडीशी ठेवला. अजून चालूच आहे. ह्या वेळी मोबाइलातलं मी काही पुसलं नाही.